डिझेलच्या भावाने विकलेले ऊन

आमच्या घरी पिठाची गिरणी होती. गावात वीज आलेली होती, पण ती दिवसातून किती तास टिकेल याचा भरवसा नसल्यामुळे वडिलांनी डिझेल इंजिन ठेवलेले होते. हँडल मारून ते सुरू करण्याचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे आले. त्या इंजिनाने मला दोन गोष्टी शिकवल्या. डिझेलचा खरा भाव पंपावरच्या पाटीवर लिहिलेला नसतो. पिंप तालुक्याहून गावात येईपर्यंत त्यावर जे चढते, तो खरा भाव. आणि दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन अर्ध्यामुर्ध्या भारावर चालवू नये. डिझेल पुरते जळत नाही, धूर होतो, काजळी धरते आणि मिस्त्रीला बोलवावे लागते. म्हणून पुरेसे दळण साचल्याशिवाय वडील इंजिन सुरू करू देत नसत.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही आणि अभियंताही नाही. गेली पंधरा-सोळा वर्षे दुर्गम वस्त्यांमधील विजेसंबंधीचे अहवाल मिळतील तिथून मिळवून वाचतो, वहीत त्यांचे आकडे उतरवून घेतो, एवढीच माझी पात्रता. या अहवालांत 'आर्थिक फायदे' नावाचे एक प्रकरण हटकून असते. त्यात इतके लिटर डिझेल वाचले, इतका कार्बन टळला, इतक्यांना रोजगार मिळाला, असे लिहिलेले असते. हे प्रकरण वाचताना प्रत्येक वेळी मला गिरणी आठवते आणि एकच शंका येते. डिझेल वाचले हे खरे, पण वाचलेले पैसे कोणाच्या खिशात गेले?

या शंकेचे उत्तर सरळपणे देणारे एक गाव मला सापडले. ते कॅनडाच्या अगदी वायव्येला, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. त्याचे नाव ओल्ड क्रो.

ओल्ड क्रो हे युकॉन प्रदेशातील वुंटुट ग्विचिन या मूलनिवासी लोकांचे गाव. वस्ती सुमारे अडीचशे. गावाला रस्ता नाही. माणसे, पीठ, औषधे आणि डिझेल, सारे विमानाने येते. डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवत नाही, उन्हाळ्यात सुमारे दोन महिने तो मावळत नाही. हे लोक कॅरिबू हरणांच्या पॉर्क्युपाइन नावाच्या मोठ्या कळपावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेले आहेत. ज्या किनारी प्रदेशात त्या हरणांची वीण होते तो सीमेपलीकडे अलास्कात आहे. तिथे तेलाच्या विहिरी खणल्या जाऊ नयेत म्हणून ग्विचिन लोक १९८८ पासून एकत्रितपणे झगडत आहेत. तेलाविरुद्ध लढणाऱ्या या गावातील दिवे तेलावरच चालत होते. हा विरोधाभास बाहेरच्यांनी दाखवून देण्याआधी त्यांना स्वतःलाच बोचत असला पाहिजे. मे २०१९ मध्ये त्यांनी हवामान आणीबाणी जाहीर केली आणि २०२१ मध्ये गावाचा सौरप्रकल्प पूर्ण झाला. 'स्री व्या' हे त्याचे नाव.

प्रकल्पाची क्षमता ९४० किलोवॅट, पॅनेल २,१६०, सोबतीला ६१६ किलोवॅट-तासांची बॅटरी. खर्च सुमारे ६५ लाख कॅनेडियन डॉलर. त्यातून वर्षाकाठी १,८९,००० लिटर डिझेल वाचेल असा अंदाज होता, म्हणजे गावाच्या वार्षिक विजेचा साधारण चौथा हिस्सा. ९४० किलोवॅट ही काही मोठी गोष्ट नव्हे. आपल्याकडील एखाद्या साखर कारखान्याचा सहवीजप्रकल्पही याच्या अनेक पट असतो. आकडा लहान असला तरी करार मात्र मुळातून वाचण्यासारखा आहे.

गावातील विजेचे जाळे आणि डिझेल जनित्रे अ‍ॅटको या खासगी कंपनीची आहेत. सौरप्रकल्प मात्र वुंटुट ग्विचिन सरकारच्या मालकीचा. कंपनीने त्यांच्याकडून पंचवीस वर्षे वीज विकत घ्यायची आहे, आणि तीही त्या विजेमुळे जे डिझेल जळणार नाही त्या डिझेलच्या भावाने. यातून गावाला वर्षाला सुमारे ४,१०,००० डॉलर मिळावेत असा हिशेब मांडला गेला. या रकमेला वाचणाऱ्या लिटरांनी भागले तर लिटरमागे दोन डॉलरांहून थोडे अधिक पडतात. हाच विमानाने आणलेल्या डिझेलचा भाव. आमच्या पिंपाच्या भाषेत सांगायचे तर पंपावरचा भाव नव्हे, घरपोच भाव.

अहवालांची भाषा नेमकी इथे निसटते. 'स्वच्छ विजेमुळे गावाचा विजेवरचा खर्च कमी झाला' असे वाक्य सर्रास लिहिले जाते. ओल्ड क्रोमध्ये तसे झालेले नाही आणि तसे होण्यासाठी करार केलेलाही नाही. युकॉनमध्ये घरगुती विजेचे दर प्रदेशभर बऱ्याच अंशी सारखे ठेवलेले आहेत. दुर्गम गावाच्या महागड्या डिझेलचा बोजा सगळे ग्राहक आणि सरकार मिळून वाहतात. त्यामुळे डिझेल वाचले तरी ओल्ड क्रोमधल्या आजीचे बिल खाली येत नाही. ती वीज जर स्वस्तात विकली असती, तर झालेली बचत प्रदेशभरच्या ग्राहकांत आणि कंपनीच्या ताळेबंदात विरघळून गेली असती, आणि गावाच्या वाट्याला पॅनेलची सावली तेवढी उरली असती. डिझेलच्या भावाने वीज विकल्यामुळे ती बचत विरघळली नाही. जो पैसा आजवर विमानातून येऊन धुरात जात होता, तोच आता गावाच्या सरकारी तिजोरीत जमा होतो. कंपनीला तोटा नाही, ग्राहकाला वाढ नाही. फक्त पैसे घेणारा हात बदलला.

माझ्या मते सगळा आर्थिक फायदा यात आहे. बाकीचे फायदे खोटे नाहीत, पण दुय्यम आहेत. रोजगाराचेच पाहा. सौरप्रकल्पाला माणसे लागतात ती उभारणीच्या एक-दोन मोसमांत. नंतर पॅनेलवरचा बर्फ, तारा, मोजमाप पाहायला दोन-तीन जण पुरतात. ज्या अहवालात रोजगाराचा आकडा सर्वांत वर ठळक छापलेला असतो, तो मी आता शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. बहुतेक वेळा मालकीची ओळ तिथे कुठेतरी लपलेली असते, किंवा नसतेच.

इंजिनाच्या काजळीचा मुद्दा इथे येतो. डिझेल जनित्राला किमान भार लागतो. त्याखाली ते चालवता येत नाही. त्यामुळे बॅटरी आणि नियंत्रणयंत्रणा नसेल, तर भर उन्हातही सौरवीज ठरावीक मर्यादेपलीकडे जाळ्यात घेता येत नाही, पॅनेल असूनही ती सोडून द्यावी लागते. ओल्ड क्रोमध्ये बॅटरी असल्यामुळे उन्हाळ्यात काही काळ जनित्रे पूर्ण बंद ठेवता येतात. वर्षानुवर्षे चोवीस तास चाललेली घरघर थांबते. या शांततेला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. गिरणी बंद झाल्यावर कानात उरणारी शांतता ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आता उणी बाजू. चौथा हिस्सा सूर्यावर गेला म्हणजे तीन हिस्से डिझेलवरच राहिले. ही झाली फक्त विजेची गोष्ट. उत्तरेकडच्या गावांत घरे ऊबदार ठेवण्यासाठी जे इंधन लागते ते विजेच्या इंधनापेक्षा जास्त असते, आणि सूर्य नेमका तेव्हाच नसतो. म्हणून 'डिझेलमुक्त गाव' वगैरे मथळे वाचले की मी पान उलटतो. भांडवलाचाही प्रश्न आहे. ६५ लाखांना ४,१०,००० ने भागले तर जवळपास सोळा वर्षे येतात, तीही देखभाल आणि व्याज न धरता. हा पैसा कर्जाने उभा केला असता तर पंचवीस वर्षांपैकी बरीचशी वर्षे बँकेसाठीच ऊन विकावे लागले असते. अशा प्रकल्पांमागे सार्वजनिक अनुदान असते म्हणून उत्पन्न हे उत्पन्न राहते. 'अनुदानावर चालणारा धंदा' म्हणून यावर टीका होते. ती करणारे एक विसरतात की डिझेलही अनुदानावरच चालत होते, आणि ते अनुदान दर वर्षी नव्याने द्यावे लागे. एकदाच दिलेले अनुदान मालमत्ता होऊन बसले, एवढाच फरक.

फोर्ट चिपेवायनचे उदाहरण याच जातीचे, पण आकाराने मोठे. आल्बर्टाच्या उत्तरेला अथाबास्का सरोवराकाठी सुमारे हजार वस्तीचे हे गाव आहे. हिवाळ्यात बर्फावरच्या रस्त्याने तिथे टँकर जातात. अथाबास्का चिपेवायन, मिकिसू क्री आणि तिथली मेटिस संघटना या तिघांनी मिळून 'थ्री नेशन्स एनर्जी' ही कंपनी काढली. २०२० च्या अखेरीस २.६ मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण झाला. त्यातला २.२ मेगावॅटचा भाग या तिघांचा. वर्षाला आठ लाख लिटर डिझेल, म्हणजे साधारण पंचवीस टँकर, वाचतील असा अंदाज. केंद्र आणि प्रांत सरकारांचे मिळून ७८ लाख डॉलर त्यात आले. आणि हे गाव आहे कुठे? कॅनडाच्या प्रसिद्ध तेलवाळूच्या खाणींच्या खालच्या अंगाला, त्याच नदीच्या प्रवाहावर. वरून तेलाचे सांडपाणी येण्याची भीती आणि बर्फावरून तेलाचे टँकर, या दोन्हींच्या मध्ये ते सापडले होते.

प्रकल्प 'हरित' असला की मूलनिवाशांचे भले होते, हा समज पुसायला दोन उलटी उदाहरणे पुरेत. केनियातील लेक तुर्काना पवनप्रकल्प ३१० मेगावॅटचा, ३६५ पवनचक्क्यांचा. त्यासाठी दीड लाख एकर सामुदायिक जमीन दिली गेली. वीज चारशे किलोमीटरहून अधिक दूर राष्ट्रीय जाळ्याकडे निघून जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती जमीन देण्याची प्रक्रियाच बेकायदा ठरवली. त्याच महिन्यात, ११ ऑक्टोबरला, नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने अवैध ठरवले, कारण त्यामुळे सामी लोकांच्या रेनडिअर पाळण्याच्या सांस्कृतिक हक्काचा भंग होत होता. चक्क्या तोवर उभ्या राहून फिरत होत्या आणि निकालानंतरही फिरतच राहिल्या. वारा, पाती आणि कार्बनचा हिशेब या दोन्ही ठिकाणी चोख होता.

मग ओल्ड क्रोला जे जमले ते कशामुळे? तंत्रज्ञान तर तेच, बाजारात मिळणारे. त्याचे उत्तर प्रकल्पाच्या फाइलीत नाही, त्याआधीच्या एका कागदात आहे. वुंटुट ग्विचिन लोकांनी १९९३ मध्ये कॅनडा आणि युकॉन सरकारांशी भूमिहक्काचा अंतिम करार आणि स्वशासनाचा करार केला. १९९५ पासून ते अमलात आहेत. जमिनीवरचा हक्क, स्वतःचे सरकार, स्वतःची तिजोरी, करार करण्याची कायदेशीर पात्रता हे सारे पॅनेल येण्याच्या पाव शतक आधी त्यांच्या हाती होते. त्यांच्या विकासकंपनीने एअर नॉर्थ या विमानकंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता. ज्या विमानांवाचून गाव जगू शकत नाही त्यांचे भाडे भरत बसण्यापेक्षा त्यांत भागीदार व्हावे, ही रीत त्यांना आधीच अंगवळणी पडलेली होती. सौरप्रकल्प हा त्या रीतीचा पुढचा धडा.

इथे मला नाइलाजाने आपल्या घराकडे वळावे लागते. आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' (२००४) बहुतेकांनी पाहिलेला आहे. वाईजवळच्या मेणवलीत त्याचे चित्रण झाले. अमेरिकेहून आलेला अभियंता, गावकऱ्यांचे श्रमदान, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारे चक्र आणि शेवटी म्हातारीच्या चेहऱ्यावर पडलेला दिव्याचा उजेड. मलाही तो प्रसंग पाहताना दर वेळी भरून येते. या चित्रपटामागे अमेरिकेतून परतलेल्या एका दाम्पत्याच्या कामाची प्रेरणा होती असे सांगतात, आणि त्या संदर्भात बिलगावचे नाव येते.

बिलगाव नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, उदई नदीकाठी आहे. तिथल्या धबधब्यावर २००३ च्या आरंभी १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी तो आखला, नर्मदा बचाव आंदोलनाचा आधार होता आणि बारा पाड्यांतील आदिवासींनी श्रमदानाने तो उभा केला. सुमारे तीनशे कुटुंबांची ती वस्ती. सरकारी तार पोहोचण्याआधी लोकांनी स्वतःच्या पाण्यावर स्वतःचा दिवा लावला होता. सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला २००६ मध्ये परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पूर आणि फुगवटा यांत बिलगावचा प्रकल्प उद्ध्वस्त झाला.

बिलगावमध्ये काय कमी होते? लोकांचा सहभाग होता, आणि तो ओल्ड क्रोपेक्षा काकणभर जास्तच. कौशल्य होते, पाणी होते. आपण ज्याला भावनेच्या भरात 'लोकांची मालकी' म्हणतो, तीही होती. मात्र त्या पाण्यावर, त्या काठावर आणि त्या यंत्रावर कायद्याने कोणाचा हक्क आहे, हे सांगणारा कागद नव्हता. म्हणून तो बुडाला तेव्हा 'मालमत्ता' बुडाल्याची नोंद व्हायला जागा नव्हती. एका मोठ्या प्रकल्पाच्या जमाखर्चात या लहान प्रकल्पाचे नाव खर्चाच्या बाजूलासुद्धा आले नाही. 'स्वदेस' दिवा लागण्यापाशी थांबतो. गोष्टीला ते शोभतेच. पण त्या यंत्राचा मालक कोण, हा प्रश्न विचारायचे आपल्या समीक्षेनेही राहून गेले. आम्ही सगळे नायकाच्या परतण्यावर बोलत राहिलो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर कोणत्या सोयी करता येतील त्याची यादी आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ते, विजेच्या तारा, आणि त्यातच अपारंपरिक ऊर्जेची साधनेही. मर्यादा प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी. मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा यादीच्या आधीचे शब्द दिसले. या सोयी 'शासनाने व्यवस्थापित केलेल्या' असल्या पाहिजेत. म्हणजे जमीन द्यायची शिफारस ग्रामसभेची आणि यंत्र सरकारचे. आपल्या योजनांच्या फलकांवर 'लाभार्थी' हा शब्द जिथून येतो तो उगम हाच. लाभार्थ्याला दिवा मिळतो, विजेचे पैसे मिळत नाहीत.

कायद्याचा रस्ता अगदीच बंद आहे असे नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १४ नुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात स्वतः वीज निर्माण करून वाटायला परवाना लागत नाही. आणि ग्रामसभा विक्रेती होऊ शकते हे गडचिरोलीतील मेंढा-लेखाने दाखवून दिले आहे. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबू तोच, जंगल तेच, पैसे घेणारा हात बदलला.

तरी ओल्ड क्रोचा हिशेब जसाच्या तसा सातपुड्यात उतरवता येणार नाही, आणि तसे सुचवणाऱ्यांबद्दल मी साशंक आहे. तिथला भाव महागड्या डिझेलमुळे निघतो. आपल्याकडे तार पोहोचली की छोट्या प्रकल्पाच्या विजेची तुलना मोठ्या सौर उद्यानाच्या भावाशी होते, आणि त्या तुलनेत पाड्यावरचा प्रकल्प टिकत नाही. बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाळे मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. सरकारी वीज आली, ती स्वस्त होती, आणि काही वर्षांत ते जाळे बंद पडले. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रातून आपल्याला उत्पन्न नाही आणि जे दुसऱ्या विजेपेक्षा महाग पडते, ते कोण सांभाळील? तिथे तार आल्यावर जाळ्याने वीज विकत घ्यावी, असा करार आधीच झालेला असता, तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. असा करार करायला विकणारा कायद्याने उभा असावा लागतो. धरनईत विकणारा कोण होता?

ओल्ड क्रोचा पंचवीस वर्षांचा करार या शतकाच्या पाचव्या दशकात संपेल. तोवर बॅटरी बदलावी लागलेली असेल, पॅनेल थोडे मंदावलेले असतील, आणि डिझेलचा भाव काय असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या वेळी कंपनीशी नव्याने भाव ठरवायला टेबलाशी जे बसतील ते आज गावातल्या शाळेत आहेत. मात्र ते बसतील ते विकणाऱ्याच्या खुर्चीत. बिलगावचा प्रकल्प सुरू झाला त्या वर्षी जन्मलेली मुले आता विशी ओलांडून गेली आहेत.